मांजरीचे मागचे पाय लटपटतात, म्हणजे जंत मणक्यात गेला का?

औसा तालुक्यातल्या एका ताईंचा प्रश्न आहे. त्यांची दोन वर्षांची मांजर तीन दिवसांपासून मागच्या पायांनी लटपटत चालते, शेपटी लोंबते, खाणं मात्र चालू आहे. मांजर शेतातल्या आखाड्यावर वाढलेली, उंदीर-पाली धरून खाणारी. सध्या पावसात बांधावर गोगलगायींचा खच पडलाय. त्यांनी मोबाईलवर वाचलं की मांजरीच्या मणक्यात जंत शिरतो आणि पाय जातात. घरात अल्बेंडाझोलची गोळी आहे, ती द्यावी का? की गुरांना सुया मारणारा ओळखीचा माणूस म्हणतो तसं 'जंताचं इंजेक्शन' द्यावं? शिवाय पाच वर्षांचा मुलगा मांजरीला कुशीत घेऊन झोपतो, त्याला काही होईल का?

ताई, गोळी डब्यात परत ठेवा आणि त्या माणसाला आज बोलावू नका. पहिल्यांदा एवढंच बघा, की मांजरीने कालपासून लघवी केली आहे का. बाकी सगळं त्याच्यानंतर.

लघवीचं का विचारते ते सांगते. मागच्या पायांची आणि शेपटीची ताकद गेली की बऱ्याचदा त्याच नसांवर चालणारी मूत्राची पिशवीही बंद पडते. मांजर खाते-पिते, म्हणून घरचे निर्धास्त असतात आणि आत पिशवी तट्ट फुगत जाते. जाड हातमोजे घालून पोटाच्या मागच्या भागाला दोन्ही बाजूंनी अलगद हात लावा. लिंबापेक्षा मोठा, घट्ट गोळा हाताला लागला तर दाबून रिकामा करायच्या फंदात पडू नका, सरळ दवाखाना गाठा. उलट कधी असंही होतं, की पायात काहीच बिघाड नसतो. बोक्याची लघवी खड्याने अडलेली असते, तो दुखण्याने मागून वाकडा चालतो आणि घरचे म्हणतात "अंगावरून वारं गेलं". तुमची भाटी आहे, तिच्यात असं अडणं फार कमी. पण हे वाचणाऱ्या कुणाच्या घरी बोका असेल तर त्याने हे डोक्यात ठेवावं. अडलेला बोका दोन-तीन दिवसांत जातो.

आता जंताचं. तुम्ही वाचलं ते खोटं नाही. असा जंत खरंच आहे. त्याचं नाव गुर्ल्टिया पॅरालिसन्स. १९३३ साली चिलीमध्ये त्याचं वर्णन झालं. मांजरीच्या पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूवरच्या बारीक शिरांमध्ये तो राहतो, तिथे रक्त तुंबतं आणि मागचे पाय हळूहळू जातात. त्याची अंडी विष्ठेत सापडत नाहीत, त्यामुळे जिवंतपणी निदान करणं फार अवघड. पण हा दक्षिण अमेरिकेतला जंत: चिली, अर्जेंटिना, उरुग्वे, ब्राझील, कोलंबिया. मोबाईलला औसा आणि चिली यात फरक कळत नाही, आपल्याला कळायला हवा. तसंच मांजराच्या नाकातून मेंदूत जाणाऱ्या अळीचे व्हिडिओ फिरतात, ती अमेरिका खंडातल्या एका माशीची अळी. ती आपल्याकडे नाही.

मग आपल्याकडे काय? इथे तुमची गोगलगायीची शंका मला महत्त्वाची वाटली, म्हणून तिच्यावर जरा थांबते.

२०२२ च्या खरिपात लातूर, बीड, धाराशिवकडे गोगलगायींनी सोयाबीनची कोवळी रोपं कशी साफ केली ते तुम्हाला मी सांगायला नको. पुन्हा पेरणी करावी लागलेले शेतकरी माझ्या ओळखीत आहेत. यातली जी मोठी शंखी गोगलगाय आहे ती मूळची पूर्व आफ्रिकेतली, १८४७ च्या सुमारास मॉरिशसहून कलकत्त्यात आणली गेली आणि तिथून देशभर पसरली. ही गोगलगाय एका जंताला आसरा देते. त्याचं नाव अँजिओस्ट्राँगायलस कँटोनेन्सिस, सोपं करून उंदराचा फुप्फुसजंत म्हणू. १९३५ साली चीनमधल्या कँटनच्या उंदरांत तो सापडला, म्हणून हे नाव.

त्याचा फेरा असा. मोठा जंत उंदराच्या फुप्फुसाच्या रक्तवाहिनीत राहतो. त्याच्या अळ्या उंदराच्या लेंड्यांतून बाहेर पडतात. गोगलगाय किंवा बिनशंखाची गोगलगाय त्या लेंड्यांवरून सरपटते, त्या खाते, आणि अळ्या तिच्या अंगात वाढतात. ती गोगलगाय पुन्हा उंदराने खाल्ली की अळ्या आधी उंदराच्या मेंदूत जातात, तिथे काही आठवडे वाढतात आणि मग फुप्फुसाकडे उतरतात. उंदराला याचा फारसा त्रास नाही, दोघांचा जुना संसार आहे. घोटाळा होतो तो चुकीच्या घरात शिरल्यावर. माणूस, कुत्रं, क्वचित मांजर यांच्या पोटात ती अळी गेली तर ती सवयीप्रमाणे मेंदू आणि मज्जारज्जूकडेच जाते, पण पुढची वाट तिला सापडत नाही. ती तिथेच मरते आणि तिच्याभोवती सूज येते. ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेन-सिडनीकडे कुत्र्याच्या पिल्लांमध्ये हे नेहमी दिसतं: मागचे पाय लुळे, शेपटी पडलेली, पाठीला हात लावला तरी किंचाळणं. तुमच्या मांजरीच्या खुणा ऐकायला त्याच्याशी जुळतात, हे मी मान्य करते.

आपल्या राज्यातही हा जंत पूर्वीच सापडला आहे. मुंबईतल्या घरगुती उंदरांमध्ये १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला त्याची नोंद झाली. केरळात माणसांना त्याच्यामुळे मेंदूच्या आवरणाची सूज आल्याच्या घटना आहेत. म्हणजे शंका हास्यास्पद नाही. पण मांजर गोगलगाय खात नाही हो. मी बावीस वर्षांत कुत्र्याच्या पिल्लांना गोगलगाय चघळताना कैकदा बघितलं, मांजर तिला पंजाने उलटी करते, वास घेते आणि निघून जाते. जगभरात मांजरींत हा आजार कुत्र्यांपेक्षा फारच कमी नोंदला गेलाय. माझ्या टेबलावर आलेल्या एकाही लुळ्या मांजरीत हा जंत सिद्ध झालेला नाही.

गोगलगायींमुळे मांजर मेलेली मात्र मी बघितली आहे, आणि ती जंताने नाही. गोगलगायींसाठी बांधाला मेटाल्डिहाइडच्या गोळ्या टाकतात ना, त्यांनी. त्या गोळ्यांत कोंडा आणि गोडसर आमिष असतं. कुत्री तर त्यावर तुटून पडतात, मांजरही कधी चाटते, किंवा पायाला लागलेला चुरा अंग चाटताना पोटात जातो. अर्ध्या तासापासून तीन तासांच्या आत लाळ, थरथर, मग झटके, आणि अंग इतकं तापतं की हाताला चटका बसावा. त्याला उतारा औषध नाही. झटके थांबवणारी इंजेक्शनं, सलाईन, अंग थंड करणं, एवढ्यावरच जनावर वाचतं किंवा जातं. तुमच्या आखाड्यावर कुणी गोळ्या टाकल्या आहेत का ते विचारा. तुमच्या मांजरीच्या खुणा तशा नाहीत, तिला तीन दिवस झालेत आणि ती खाते आहे. पण पुढच्या वेळेसाठी सांगते: गुळाच्या पाण्यात भिजवलेलं गोणपाट रात्री बांधावर टाका, सकाळी त्याखाली जमलेल्या गोगलगायी हातमोजे घालून गोळा करा आणि मिठाच्या पाण्यात बुडवा. कृषी विद्यापीठाची माणसंही हेच सांगतात. गोळ्या टाकल्याच तर मांजर-कुत्रं चार दिवस बांधून ठेवा.

आमच्या भागातल्या लोकांच्या मनात 'मेंदूतला जंत' इतका पक्का का बसलाय, याचं कारण मला वाटतं शेळ्या-मेंढ्या. धनगरांना विचारा. मेंढी एकाच बाजूला गोल गोल फिरायला लागते, मान वाकडी, कळपातून मागे पडते. तिच्या मेंदूत पाण्याने भरलेली पिशवी असते, आत तांदळाच्या कणीसारखे पांढरे ठिपके. पिशवी मोठी झाली की तिच्यावरचं कवटीचं हाड अंगठ्याने दाबलं तर मऊ लागतं. तिथून उघडून पिशवी काढता येते, आणि मेंढी उठून चरायला लागते. ज्याने हे एकदा बघितलं त्याला पुढे प्रत्येक वाकड्या मानेत जंत दिसतो. पण ही पिशवी ज्या पट्टकृमीची, म्हणजे फितीसारख्या चपट्या जंताची, तो मोठा होऊन राहतो कुत्र्याच्या आतड्यात. कुत्र्याला मेंढीचं कच्चं डोकं खाऊ घातलं की चक्र पूर्ण. त्यात मांजर कुठे बसत नाही. याच जातकुळीतल्या दुसऱ्या एका पट्टकृमीच्या पिशव्या मांजरीच्या मेंदूत सापडल्याच्या तुरळक नोंदी परदेशात आहेत, इतक्या तुरळक की त्या अभ्यासनिबंधाचा विषय होतात.

मांजरीत रोज दिसणारा जंत म्हणजे टॉक्सोकारा कॅटी, आपला शेवयांसारखा पांढरा गोल जंत. पिल्लाचं पोट ढोलासारखं आणि बरगड्या बाहेर, ओकारीतून किंवा विष्ठेतून गुंडाळी पडते, तो हा. तो पिल्लांना आईच्या दुधातून लागतो, शिवाय अंडी पोटात गेल्याने आणि उंदीर खाल्ल्यानेही लागतो. त्याच्या अळ्या मांजरीच्या शरीरात यकृत, फुप्फुस असा फेरा मारून आतड्यात येतात. त्यामुळे पिल्लं खोकतात, खंगतात. मागचे पाय मात्र त्याने जात नाहीत.

म्हणजे मराठवाड्यातल्या मांजरीचे मागचे पाय गेले तर जंत माझ्या यादीत शेवटून दुसरा-तिसरा असतो. वर कोण, ते माझ्या अनुभवाच्या क्रमाने सांगते.

सगळ्यात वर मार. जुन्या घरांच्या माळवदावरून, पत्र्यावरून पडणं, कुत्र्याने पाठीला धरून झटकणं, मोटारसायकल, ट्रॅक्टरच्या मागच्या चाकाजवळ झोपणं, दारात शेपटी सापडणं. शेतातली मांजर रात्री काय करते ते आपल्याला थोडंच दिसतं! बाहेर खरचटल्याची खूणही नसते कित्येकदा. तुमच्या मांजरीची शेपटी लोंबते हे ऐकून मला पहिला संशय याचाच आहे. शेपटी जोरात ओढली गेली की तिच्या बुडाशी मणका सरकतो आणि तिथल्या नसा ताणल्या जातात. शेपटी, लघवी, शौच आणि थोडे मागचे पाय, सगळं एकाच तारेवर. शेपटीच्या बुडाशी हलका चिमटा काढल्यावर मांजर वळून बघत असेल, तर लघवीवरचा ताबा काही आठवड्यांत परत येण्याची आशा चांगली असते.

दुसरं, रक्ताची गुठळी. हृदयाचे स्नायू जाड झालेल्या मांजरीत गुठळी तयार होऊन ती मुख्य धमनी जिथे दोन पायांना फुटते तिथे अडकते. हे क्षणात होतं. मांजर किंकाळ्या फोडते, मागचे पाय थंडगार, तळवे फिकट किंवा निळसर. हे ओळखायला डॉक्टर लागत नाही, पुढच्या आणि मागच्या पंजाला आळीपाळीने हात लावा. तुमच्या मांजरीचे मागचे पंजे कोमट असतील तर हे नाही. थंड असतील तर हे वाचणं थांबवा आणि गाडी काढा.

तिसरं, विष आणि औषध. यावर मी जरा जास्त बोलणार, कारण यातलं बहुतेक माणसाच्या हातून होतं. बैलांच्या गोचिडांसाठी आणलेलं डेल्टामेथ्रिन किंवा सायपरमेथ्रिन 'थोडंसं' मांजरीच्या पिसवांवर चोळतात. कुत्र्याच्या मानेवर टाकायचं परमेथ्रिनचं औषध मांजरीवर टाकतात. मांजरीचं यकृत ही रसायनं मोडून टाकण्यात फार मागे आहे. गायीला जे पचतं, कुत्र्याला जे पचतं, ते तिला पचत नाही. काही तासांत कान फडफडायला लागतात, कातडी थरथरते, मग सगळं अंग. अशी मांजर आली की घरचे म्हणतात "जंत डोक्यात गेला डॉक्टर", आणि मी विचारते "काल काय लावलं?" मग जरा वेळ कुणी बोलत नाही. लावलं असेल तर भांडी घासायच्या पातळ साबणाने कोमट पाण्यात अंग धुवा, थंड पाण्याने नको, आणि घेऊन या. लवकर आलेल्या बहुतेक वाचतात.

चौथं, कोवळ्या वयाच्या मांजरीतले विषाणू आणि इतर संसर्ग. एफआयपी, म्हणजे मांजरींच्या कोरोनाविषाणूपासून होणारा आजार, हा त्यातला मोठा. दोन वर्षांच्या आतल्या मांजरी, चढ-उतार होणारा ताप, मग तोल जाणं. पूर्वी हे नाव म्हणजे मरणच होतं, आता जीएस-४४१५२४ नावाच्या औषधाने पुष्कळ मांजरी बऱ्या होतात, मेंदूत शिरलेल्या आजारातसुद्धा, फक्त मात्रा जास्त लागते. दुसरा टॉक्सोप्लाझ्मा. याला लोक जंत म्हणतात, पण तो एकपेशीय जीव आहे. जंताच्या कुठल्याच गोळीने तो मरत नाही, त्याला क्लिंडामायसिन काही आठवडे द्यावं लागतं.

धरणाकाठच्या लोकांसाठी एक बारीक गोष्ट. पैठणकडे नाथसागराच्या काठी मांजरी नुसत्या कच्च्या मासळीवर जगतात. काही माशांच्या कच्च्या मांसात थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व, मोडणारं द्रव्य असतं. मांजर आधी खाणं सोडते, मग मान छातीकडे वाकते, बाहुल्या मोठ्या, मग झटके. थायमिनची इंजेक्शनं वेळेत मिळाली तर एक-दोन दिवसांत फरक दिसतो. मासे शिजवून द्या, एवढंच.

आणि रेबीज. हा मी क्रमाच्या बाहेर ठेवला आहे, कारण तो आकड्याने खाली असला तरी माझ्या डोक्यात नेहमी वर असतो. माझ्या सुरुवातीच्या वर्षांत एका खेड्यातून मांजर आली. जबडा लोंबलेला, लाळ गळते. घरचे म्हणाले, घशात हाड अडकलंय. मीही तसंच समजले आणि उघड्या हाताने तोंडात बोटं घातली. हाड नव्हतं. दोन दिवसांनी मांजर मेली आणि मेंदूच्या तपासणीत रेबीज निघाला. मी आधीपासून लस घेतलेली होती, म्हणून शून्य आणि तिसऱ्या दिवशी दोन डोसांवर भागलं. घरातल्या चार माणसांना मात्र पूर्ण लसी घ्याव्या लागल्या, त्यात एक बाळंतीण होती. तेव्हापासून लस न टोचलेली कुठलीही मांजर चालीत, आवाजात, स्वभावात अचानक बदलली, की मी हातमोजे घातल्याशिवाय तिला हात लावत नाही. तुम्हीही लावू नका. मांजरीला रेबीजची लस दिलेली आहे का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. मला वाटतं दिलेली नाही.

आता तुमच्या दोन औषधांकडे येते.

अल्बेंडाझोलची ती ४०० मिलिग्रॅमची गोळी माणसांसाठी आहे. दरवर्षी १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टच्या आसपास शाळा-अंगणवाड्यांत लेकरांना हीच देतात, त्यामुळे ती निरुपद्रवी असल्याचा समज घरोघरी झालाय. लेकरांसाठी ती आहेच चांगली. तीन किलोच्या मांजरीला अख्खी दिली तर किलोमागे १३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त होतात. मांजरीत या औषधाने हाडातला मगज दबतो, पांढऱ्या पेशी घटतात आणि आठवड्याभराने ती भलत्याच संसर्गाने आजारी पडते. तोवर गोळीची आठवणही कुणाला राहत नाही.

गुरांचं इंजेक्शन म्हणजे १ टक्का आयव्हरमेक्टिन. एका मिलिलीटरमध्ये १० मिलिग्रॅम. गायीला ५० किलोला १ मिलिलीटर. याच हिशेबाने तीन किलोच्या मांजरीला ०.०६ मिलिलीटर येतं. सिरिंजवर ते डोळ्यांना दिसतसुद्धा नाही. म्हणून सुई मारणारा माणूस अंदाजाने 'अर्धा पॉईंट' ओढतो, म्हणजे अर्धा मिलिलीटर, आठपट. मग मांजर आंधळ्यासारखी भिंतीला धडकते, बाहुल्या ताणलेल्या, तोल गेलेला, कधी गुंगीत पडून राहते. यालाही नेमका उतारा नाही. जपून सलाईन आणि नळीने खाणं देत दिवस काढावे लागतात, कधी आठवडे. शिवाय मेंदूचाच आजार आहे की नाही हे शोधायला निघालेल्या मांजरीला मेंदूवर परिणाम करणारं औषध जास्त झालं, तर पुढे कुणालाच काही ओळखू येत नाही. त्या माणसावर माझा राग नाही. आडगावात रात्री दोनला गाय अडली की तोच पोचतो. पण मांजर म्हणजे लहान गाय नव्हे.

आणि समजा, खरोखरच मेंदूत किंवा मज्जारज्जूत अळी असली, तरी तिला झटक्यात मारणं हा पहिला उपाय नसतो. मेलेली अळी जिवंत अळीपेक्षा जास्त सूज आणते. त्यामुळे आधी सूज उतरवणारं स्टेरॉइड, आणि जंतनाशक दिलंच तर विचार करून, मोजून. हे ठरवायला तपासण्या लागतात: रक्तात इओसिनोफिल नावाच्या पेशी वाढल्यात का, पाठीच्या पाण्यात त्या आहेत का. पाठीचं पाणी काढण्यासाठी भूल द्यावी लागते आणि सवयीचा हात लागतो. त्याआधी रक्त, साखर, पोटॅशियम आणि एक्स-रे. परभणी आणि उदगीरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांत दवाखाने आहेत, तुम्हाला उदगीर बऱ्यापैकी जवळ. एमआरआयपर्यंत गोष्ट गेली तर आपल्याकडून बहुतेकांना पुण्या-मुंबईचा रस्ता धरावा लागतो, आणि खर्च ऐकून निम्मे लोक तिथेच थांबतात. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. एक्स-रे आणि नीट केलेली हातांची तपासणी यावर माझी तरी बरीच गाडी चालते.

न्यायच्या आधी घरी एवढं करा. मांजर सपाट जमिनीवर चालत असताना मागून आणि बाजूने मोबाईलवर व्हिडिओ घ्या, दवाखान्यात भेदरून ती जागची हलत नाही. मागचे पंजे कोमट आहेत का बघा. रेबीजची शंका मिटेपर्यंत हे सगळं जाड हातमोज्याने, कोमट-थंड बघायला मात्र मोजा काढून हाताची उलटी बाजू पंजाला टेकवा, तोंडापासून लांब. न्यायला टोमॅटोचं कॅरेट घ्या, खाली गोणपाटाची घडी, वरून दुसरं कॅरेट उलटं करून दोरीने बांधा. पाठीला तेल चोळू नका, मणका सरकलेला असेल तर चोळण्याने उरलेलंही जातं. दुखतंय म्हणून पॅरासिटामॉल तर अजिबात नाही. माणसाची एक गोळीसुद्धा मांजरीला मारू शकते, हिरड्या चॉकलेटी पडतात आणि श्वास लागतो. सासूबाई उतारा टाकायचा म्हणत असतील तर टाकू द्या, फक्त मांजर गाडीत बसल्यावर.

हे दुखणं निस्तरलं की मग जंताचं औषध जरूर द्या, मांजरीसाठीचं. पायरँटेल आणि प्राझिक्वांटेल एकत्र असलेली गोळी मिळते, गोल आणि चपटे दोन्ही जंत त्यात येतात. वजन करायला स्वतः मांजर घेऊन काट्यावर उभ्या राहा, मग एकट्या, वजाबाकी करा. उंदीर खाणाऱ्या मांजरीला निदान तीन महिन्यांनी एकदा लागतंच. पिल्लांना तिसऱ्या आठवड्यापासून, दूध तुटेपर्यंत दर पंधरा दिवसांनी, पुढे सहा महिन्यांची होईपर्यंत महिन्याला एकदा. गुदद्वाराजवळ काकडीच्या बियांसारखे वळवळणारे तुकडे दिसले तर तो पिसवांमधून येणारा पट्टकृमी. पिसवा तशाच ठेवून नुसती गोळी दिली तर महिन्याभरात तो परत हजर.

राहिला मुलगा. मांजरीच्या गोल जंताची अंडी ताज्या विष्ठेतून लागत नाहीत, मातीत दोन ते चार आठवडे मुरल्यावर लागतात. म्हणजे धोका मांजरीच्या कुशीपेक्षा अंगणातल्या वाळूच्या ढिगाऱ्यात जास्त, जिथे मांजर उकरून घाण करते आणि लेकरं घरं बांधतात. पोटात गेलेल्या अळ्या लेकराच्या यकृतात, क्वचित डोळ्यात किंवा मेंदूत जातात. मांजरीला जे सहसा होत नाही ते माणसाला होऊ शकतं, ते असं. बांधकामाची वाळू रात्री ताडपत्रीने झाका, घाण रोजच्या रोज उचला, माती खाण्याची सवय असेल तर मोडा, जेवायच्या आधी साबणाने हात. टॉक्सोप्लाझ्माची बीजंही बाहेर पडल्यावर एक ते पाच दिवसांनी लागण्याजोगी होतात, तेव्हा रोज उचललेली घाण तिथेही कामाला येते. घरात कुणी गरोदर असेल तर ते काम तिने करू नये.

पण आजपासून, निदान होईपर्यंत, मुलाला मांजरीजवळ झोपवू नका. कारण जंत नाही, रेबीज. गेल्या दहा-पंधरा दिवसांत तिने त्याला चावलं, ओरखडलं किंवा खरचटलेल्या जागी चाटलं असेल, तर ती जागा वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा. हळद-चुना लावू नका. सरकारी दवाखान्यात न्या, लस तिथे फुकट मिळते. मांजरीचं निदान कधी होतंय याची वाट बघत लस थांबवू नका. दहा दिवसांनी मांजर जिवंत आणि ठणठणीत असली तर पुढच्या डोसांचं काय ते डॉक्टर ठरवतील. मुलगा रडेल. त्याला सांगा, माऊची पाठ दुखते, तिला एकटीला झोपायचंय.